विमानातला फर्स्ट क्लास: आपली अपेक्षा आणि हाती येणारे सुख

मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या कट्ट्यावर हल्ली एक विषय वारंवार निघतो. आपल्या बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतली मुले अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थायिक आहेत. पूर्वी ती आईवडिलांना बोलवायची तेव्हा इकॉनॉमीचे तिकीट यायचे आणि सोबत “एक दिवस जरा अवघडून बसावे लागेल” अशी सूचना. आता तीच मुले पन्नाशीला आली, हाताशी पैसा आला, आणि आईवडील पंचाहत्तरीच्या पुढे गेले. त्यामुळे तिकीट येते ते बिझनेसचे, आणि क्वचित फर्स्ट क्लासचे. मग घरात कुजबुज सुरू होते. एवढ्या पैशात नेमके मिळते काय? आणि ते आपल्याला झेपेल का, शोभेल का?

हा लेख लिहायला निमित्त झाले दांडिया बाजारात राहणारे आमचे एक सभासद दांपत्य. नाव न घेता लिहा, असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून काका आणि काकू एवढेच म्हणतो. काका ८१ वर्षांचे, काकू ७६ च्या, दोन्ही गुडघे दुखरे. न्यू जर्सीत नातवाची मुंज होती. मागच्या खेपेला काकू इकॉनॉमीत मधल्या सीटवर बसून गेल्या होत्या. कडेच्या माणसाला उठवायचा संकोच, म्हणून पाणीच प्यायल्या नाहीत. उतरल्या तेव्हा पाय चपलेत मावत नव्हते. त्यांनी तेव्हाच जाहीर केले होते की आता मुंज असो की लग्न, आपण येणार नाही. मुलाने ते मनावर घेतले आणि दोघांची फर्स्ट क्लासची तिकिटे काढली. किंमत काकांना कळली ती सूनबाईच्या तोंडून, चुकून. काका दोन रात्री झोपले नाहीत. “एवढ्या पैशात वाघोडिया रोडला एक खोली झाली असती,” हे त्यांचे म्हणणे आम्ही सगळ्यांनी ऐकले आहे.

काकांना आम्ही विचारले होते, तुम्हाला तिथे काय असेल असे वाटते? ते म्हणाले, “गुजरात मेलमध्ये असायचे तेच, फक्त हवेत.” आम्ही हसलो, पण उत्तर फार नेमके होते. आपल्या पिढीच्या मनातला फर्स्ट क्लास हा रेल्वेचा आहे. आतून कडी लावता येणारे दार, पाय पसरून झोपता येईल असा रुंद बर्थ, होल्डॉल सोडून अंथरलेली आपली गादी, आणि सकाळी बोरिवली येण्याआधी चहा. दार, बिछाना आणि कोणी हटकणार नाही अशी निश्चिंती. आमच्या मते आजही जगातला प्रवासी फर्स्ट क्लासकडून याच तीन गोष्टी मागतो. बाकीचा थाट जाहिरातीचा.

विमानात मात्र या गोष्टी सहज आल्या नाहीत. मुळात फर्स्ट क्लास हा शब्दच तिथे उशिरा रुळला. महायुद्धानंतरच्या पहिल्या वर्षांत लांब पल्ल्याच्या विमानात बहुधा एकच वर्ग असे आणि भाडे अर्थातच श्रीमंतांचे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेले तो हाच काळ. १९५२ मध्ये अटलांटिकवर स्वस्त भाड्याचा टुरिस्ट वर्ग आला, १९५८ मध्ये त्याहून स्वस्त इकॉनॉमी आली, आणि मग जुन्या भाड्याने जाणाऱ्याला आपण वेगळे आहोत हे दाखवायची गरज निर्माण झाली. इकॉनॉमीत फक्त साधी, थंड, स्वस्त सँडविच द्यायची, असा विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम होता. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने आपल्याकडच्या पद्धतीची वर भरपूर जिन्नस रचलेली सँडविच दिली, तर अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने तक्रार केली आणि एसएएसला २०,००० डॉलर दंड झाला. मागच्या माणसाला चांगले जेवण मिळाले म्हणून दंड! वर्गभेद टिकवायला किती मेहनत घ्यावी लागते ते यावरून कळते.

त्या काळात आपल्या एअर इंडियाचे नाव सेवेसाठी घेतले जाई. जे. आर. डी. टाटा स्वतः विमानात बसले की बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवत आणि उतरल्यावर अधिकाऱ्यांना लिहून पाठवत. चहाचा रंग कॉफीसारखा दिसतो, इथपर्यंत त्यांची नजर जाई. कंपनीचा मिशीवाला महाराजा १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवला. महाराज म्हटले की आम्हा बडोदेकरांच्या डोळ्यांपुढे सयाजीराव उभे राहतात, त्यामुळे हा वाकून नमस्कार करणारा गोलमटोल गृहस्थ आमच्या वाडवडिलांना जरा खटकलाच असेल. पण त्यातली कल्पना पाहा. महाराजा हा प्रवासी नाही, तो यजमान आहे. वाकणारा तो आहे. १९६७ मध्ये तर कंपनीने साल्वादोर दाली या चित्रकाराकडून राखदाण्या करवून घेतल्या आणि त्या फर्स्ट क्लासच्या प्रवाशांना भेट दिल्या. दालीने मोबदल्यात हत्तीचे पिल्लू मागितले आणि ते त्याला पाठवलेही गेले.

बिछान्याची गोष्ट वेगळीच आहे. पंख्याच्या जुन्या विमानांत, म्हणजे स्ट्रॅटोक्रूझर किंवा काही कॉन्स्टेलेशनमध्ये, पडदा लावलेले झोपायचे बर्थ असत, थेट रेल्वेसारखे. मग जेट विमाने आली. एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले १९६० मध्ये. प्रवासाचा वेळ जवळपास निम्मा झाला आणि बर्थ गेले. फर्स्ट क्लासला उरली मागे झुकणारी ऐसपैस खुर्ची. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे आपले पहिले जंबो आले. खिडक्यांभोवती बाहेरून झरोके रंगवलेले, आणि आत गोल जिन्याने वर गेले की फर्स्ट क्लासची बैठक. गप्पा मारायला जागा होती, पाठ टेकायला नव्हती. पूर्ण आडवा होणारा बिछाना फर्स्ट क्लासमध्ये ब्रिटिश एअरवेजने आणला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. दारासाठी आणखी थांबावे लागले. ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सचे ए३८० सिंगापूरहून सिडनीला गेले, त्यात सरकत्या दाराच्या खोल्या होत्या. पुढच्या वर्षी एमिरेट्सने आपल्या ए३८० मध्ये फर्स्ट क्लासच्या १४ प्रवाशांसाठी दोन न्हाणीघरे केली, माणशी पाच मिनिटे गरम पाणी. २०१४ मध्ये एतिहादने दिवाणखाना, निजायची खोली आणि स्नानगृह असा छोटा फ्लॅटच विमानात बसवला.

म्हणजे गुजरात मेलने आपल्या आजोबांना जे दिले होते, ते द्यायला जेट विमानाला चाळीस-पन्नास वर्षे लागली. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांना तिकिटाच्या किमतीचे थोडे कमी वाईट वाटले.

पण इथेच एक घोळ आहे, आणि आपल्या लोकांची फसगत बहुतेक त्यातूनच होते. जे फर्स्टमध्ये येते ते काही वर्षांत बिझनेसमध्ये उतरते. ब्रिटिश एअरवेजनेच २००० मध्ये बिझनेसला आडवा बिछाना दिला. २०१७ मध्ये कतार एअरवेजने बिझनेसला दारही दिले. आपल्या एअर इंडियाच्या नव्या ए३५० विमानांत बिझनेसच्या २८ जागा आहेत, प्रत्येकीला बिछाना आणि सरकते दार. त्या विमानात फर्स्ट क्लास नाहीच. जगातल्या बऱ्याच कंपन्यांनी तो हळूहळू काढून टाकला, कारण बिझनेसमध्ये माणूस सुखाने झोपला की पुढच्या पडद्यापलीकडे जायला तो दुप्पट पैसे मोजत नाही.

शिवाय नाव एक, वस्तू निराळ्या. अमेरिकेत देशांतर्गत विमानात ‘फर्स्ट’ लिहिलेले असते ती बहुतेक वेळा फक्त रुंद खुर्ची असते, आपल्याकडच्या दोन तासांच्या विमानातल्या बिझनेससारखी. युरोपात छोट्या अंतराचा ‘बिझनेस’ म्हणजे पुष्कळदा इकॉनॉमीचीच रांग, मधली जागा रिकामी ठेवलेली. आणि बडोद्याहून हरणी विमानतळावरून दिल्ली-मुंबईला जाणाऱ्या विमानात फर्स्ट नावाचा वर्गच नसतो. तेव्हा मुलाने “फर्स्टचे काढले” असे सांगितले तरी तिकिटावर प्रत्येक टप्पा वेगळा वाचावा. वर्गाच्या रकान्यात फर्स्टसाठी बहुधा ‘एफ’ किंवा ‘ए’ असते, बिझनेससाठी ‘जे’ किंवा ‘सी’, आणि पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीसाठी ‘वाय’.

आता काका-काकूंच्या प्रवासाकडे वळतो. मुंबईहून निघून मध्ये एका शहरात विमान बदलून न्यूयॉर्क, असा मार्ग होता. परतल्यावर आम्ही त्यांना कट्ट्यावर दोन तास प्रश्न विचारले. मजेची गोष्ट अशी की विमानातल्या खोलीपेक्षा त्या दोघांनी जास्त वेळ जमिनीवरच्या गोष्टी सांगितल्या. रांग नाही. सामान ठेवून घेणारी मुलगी स्वतः उठून बाहेर आली. बॅगांचे वजन करताना कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. अमेरिकेच्या मार्गावर या वर्गाला साधारण ३२ किलोपर्यंतची एकेक बॅग चालते, त्यामुळे लीलो चेवडो आणि मेतकूट यांची काटछाट करावी लागली नाही. मधल्या विमानतळावर चार तास होते, तिथे पाय लांब करून पडायला शांत जागा आणि स्वच्छ स्नानगृह. फ्रँकफुर्टला लुफ्तान्साने तर २००४ मध्ये फर्स्ट क्लाससाठी वेगळी इमारतच बांधली, तिथून मोटारीने थेट विमानाशी नेतात. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना हे चोचले वाटतील. काकूंना मुंबई विमानतळाच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंतचे अंतर हाच खरा प्रवास वाटत होता.

चाकाच्या खुर्चीबद्दल मात्र इथेच सांगून टाकतो. ती फर्स्ट क्लासची सोय नाही. कोणत्याही वर्गाच्या प्रवाशाला गरज असेल तर ती मागता येते, फक्त आधी नोंदवावी लागते. नोंदवतानाही तीन प्रकार असतात: लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात, पायऱ्याही चढता येत नाहीत, आणि विमानात सीटपर्यंतही चालता येत नाही. आपल्याकडची मंडळी संकोचाने पहिला प्रकार सांगतात आणि मग विमान दूर उभे असले की शिडीपुढे अडकतात. जे खरे आहे ते सांगावे.

विमानात काकूंना सर्वांत काय आवडले? “बेल दाबावी लागली नाही.” मागच्या खेपेला पाणी हवे असूनही त्यांनी बेल दाबली नव्हती. इंग्रजीत काय बोलायचे, आणि ती मुलगी रागावली तर? इथे तीच मुलगी दर थोड्या वेळाने येऊन डोकावत होती, नावाने हाक मारत होती, अर्थात आडनावाचा उच्चार भलताच. बिछाना तिनेच घालून दिला, वर गादीची गुंडाळी, खरी उशी. काकू सलग सहा तास झोपल्या. सकाळी पाय चपलेत गेले. झोपायला दिलेला पायजमा-सदरा त्यांनी घातलाच नाही, नातवासाठी तसाच घडी करून नेला. तो त्याला घोट्यापर्यंत येतो म्हणे.

जेवणाबाबत आमची मंडळी फार आशेने जातात, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. विमान उंचावर असताना केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. हवा कोरडी, नाक कोरडे, वर सतत घरघर. त्यामुळे मीठ आणि गोड कमी लागते. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने २०१० मध्ये याचा अभ्यास केला तो यासाठी की लोक विमानात टोमॅटोचा रस एवढा का मागतात. हा दाब, ही कोरडी हवा पुढच्या आणि मागच्या प्रवाशाला सारखीच. फर्स्ट क्लासमध्ये चिनी मातीची बशी मिळते, हवे तेव्हा जेवता येते, पण अन्न बहुतेक जमिनीवर शिजवून वर गरम केलेलेच असते. शाकाहारी माणसाने तर अधिक सावध राहावे. त्या महागड्या यादीतला निम्मा थाट मत्स्याची अंडी आणि मांसाचा असतो. शाकाहारी जेवण आधी, साधारण २४ तासांपूर्वी, नोंदवावे आणि नोंदवताना ‘एशियन व्हेजिटेरियन’ असे म्हणावे. ‘हिंदू मील’ म्हणू नये. बऱ्याच कंपन्यांत त्याचा अर्थ गोमांस नसलेले मांसाहारी जेवण असा होतो. काकांनी नोंद बरोबर केली होती, तरी तिसऱ्या घासानंतर काकूंनी पिशवीतून मेथीचे थेपले आणि लिंबाचे लोणचे काढले. हवाई सुंदरीने त्यासाठी गरम केलेली बशी आणून दिली. आमच्या मते त्या तिकिटातला हा सर्वांत उत्तम भाग होता.

आणखी काही गोष्टी कुठल्याही पैशाने बदलत नाहीत. विमान उशिरा निघाले तर सगळ्यांनाच उशीर. डुगडुगले तर सगळेच डुगडुगतात. पाय सुजू नयेत, रक्त साकळू नये म्हणून मधूनमधून उठून चालणे, पाणी पिणे हे खोलीत बसणाऱ्यालाही करावेच लागते. खरे तर बिछाना मिळाला की माणूस उठतच नाही, हाच धोका. एकेकाळी वेळ वाचवणारे विमान होते, कॉनकॉर्ड. १९७६ ते २००३ पर्यंत ते प्रवासी घेऊन उडाले, लंडन ते न्यूयॉर्क साडेतीन तासांच्या आसपास. त्यात फर्स्ट क्लास नव्हता, सगळ्या खुर्च्या सारख्याच आणि बऱ्यापैकी अरुंद, तरी भाडे फर्स्टपेक्षा जास्त. लवकर पोचायचे असले तर माणूस खोलीशिवायही पैसे मोजतो. आपल्या ज्येष्ठांना मात्र घाई नसते. त्यांना पोचल्यावर दोन दिवस अंथरुणात काढावे लागू नयेत एवढेच हवे असते.

येताना वाईट अनुभव आला. न्यूयॉर्कला विमानतळावर गेल्यावर कळले की विमान बदलले आहे आणि बदललेल्या विमानात फर्स्ट क्लास नाही. दोघांना बिझनेसमध्ये बसवले. बिछाना होता, दार नव्हते, जागा शेजारी नव्हत्या. काउंटरवरच्या माणसाने हसून ‘सॉरी’ म्हटले आणि काका, आपल्या सर्वांच्या सवयीप्रमाणे, “ठीक आहे” म्हणून पुढे गेले. कागद काही घेतला नाही. मुलाने नंतर चार महिने पत्रव्यवहार केला तेव्हा भाड्यातला फरक परत मिळाला, तोही कंपनीच्या हिशेबाने.

वरच्या वर्गाचे तिकीट असून प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध खाली बसवले तर काय, याचे नियम आहेत आणि ते आपल्याला माहीत हवेत. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून असा नियम केला की देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम करांसह परत द्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के, आणि त्यापुढे ७५ टक्के. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमातही हेच तीन आकडे आहेत. कंपनी कुठली, प्रवास कुठून कुठे, यावर कोणता नियम लागू ते ठरते आणि काही देशांच्या प्रवासात कंपनीच्या स्वतःच्या अटींवरच भागवावे लागते. पण कुठेही असा तिथल्या तिथे वर्ग बदलल्याचे लेखी मागावे, आणि जुना-नवा दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवावे. नम्रपणे मागता येते. भांडावे लागत नाही.

काकूंना आम्ही शेवटी विचारले, पुन्हा जाल का? त्या म्हणाल्या, जाईन, पण दाराशिवाय चालेल. बिछाना हवा, आणि मधे पाय मोकळे करायला निवांत चार तास. मुलाने आता पुढच्या वर्षासाठी बिझनेसची चौकशी केली आहे. काकांचे मत अजून बदललेले नाही, पण वाघोडिया रोडच्या खोलीचा उल्लेख कमी झाला आहे.

ज्या सभासदांना परदेशातून तिकिटे आली आहेत किंवा येणार आहेत, त्यांनी पुढच्या कट्ट्याला तिकिटाची छापील प्रत आणावी. कोणता टप्पा कोणत्या वर्गाचा, चाकाची खुर्ची आणि जेवण नोंदवले आहे की नाही, हे आपण सगळे मिळून वाचू. काका येणार आहेत, आणि त्यांनी जपलेले एकमेव बोर्डिंग पास घेऊन येणार आहेत.